सरांचं वाटोळं शून्य

वर्गात शिरताना खोडरबर दारातल्या डब्यात टाकायचं, हा आमच्या शाळेचा पहिला नियम होता. बाकीचे नियम कुणी फारसे पाळत नसे, पण हा पाळावाच लागे, कारण डब्यापाशी सर स्वतः उभे असत. डबा दूध पावडरचा, चांगला मोठा, झाकणाला मधोमध चीर पाडलेली. पोरं रांगेनं यायची, रबर चिरेतून आत टाकायची आणि बाकांवर जाऊन बसायची. कुणी लपवलं असेल तर सर त्याच्याकडे न पाहताच म्हणत, "डाव्या मोज्यात आहे. काढ."

मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढेही हात केला.

"मी शिक्षिका आहे, सर," मी म्हटलं.

"मंग तर आधी काढा, बाई. पोट्ट्यांचं रबर एक वही खराब करते, मास्तरचं अख्खा वर्ग."

मी नाशिकची. आमच्याकडे मुलांना कुणी वर्गात पोट्टे म्हणालं तर पालक दुसऱ्या दिवशी दारात. मी नाक मुरडलं, पण पर्समधलं रबर काढून दिलं. ते मला परत मिळालं नाही.

"चुकलं तर एक रेघ मारायची," सर सांगत. "एकच. आडवी. आणि खाली पुन्हा करायचं. चूक दिसली पाहिजे. खोडून टाकली तर आपण कुठं घसरलो ते कोणाच्या बापाला समजन?"

ही शाळा कुवेतमध्ये, बनेद अल-गारला, समुद्राच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, एका जुन्या दुमजली घरात भरत असे. सकाळी खालच्या मजल्यावर बालवाडी असायची, म्हणून आमची घंटा दुपारी एकला. सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझा नवरा सरकारी इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन, मी बीएस्सी बीएड होऊन घरात भांडी घासत बसलेली. कुणीतरी सांगितलं की एका शाळेत विज्ञानाला बाई हव्यात, पण शाळा 'तशी' आहे. तशी म्हणजे कशी, ते पहिल्याच आठवड्यात कळलं.

मोठ्या भारतीय शाळांचा तेव्हा एक रिवाज होता. नववीत जो मुलगा डळमळीत दिसेल, त्याच्या आईवडलांना बोलावून गोड शब्दांत सांगायचं की त्याला दुसरीकडे हलवा, इथे त्याच्यावर फार ताण येतो. मग दहावीला उरतील ते सगळे पास, आणि शाळेच्या फाटकावर फलक, निकाल शंभर टक्के. हलवलेली मुलं जाणार कुठे? काही भारतात आजोळी गेली. उरलेली आमच्याकडे आली. गावात आमच्या शाळेला नापासांची शाळा म्हणत. सर मात्र तिला दुसऱ्या घंटेची शाळा म्हणायचे. "पहिली घंटा सगळ्यांनाच ऐकू येते असं नाही," ते म्हणत, "म्हणून तर शाळेत दुसरी ठेवलेली असते."

सर आमचे मुख्याध्यापक, गणितही तेच शिकवायचे. आर्वीचे, वर्धा जिल्ह्यातले. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं काटक, वर्षाचे बारा महिने एकच राखी सफारी. बायको आणि म्हातारी आई गावी. स्वतः जलीबला एका खोलीत दोन फिटरांबरोबर राहायचे आणि बसनं येऊन जाऊन करायचे. बसथांब्यापासून शाळेपर्यंत भर उन्हात चालत यायचे, डोक्याला आणि कानांना पांढरा दुपट्टा गुंडाळून. सफारीच्या उजव्या खिशात एक कांदा. विदर्भात ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. मला आपलं वाटलं, गरीब माणूस, रात्रीच्या भाजीची सोय करून हिंडतोय. एकदा दया येऊन मी त्यांना किलोभर कांदे नेऊन दिले. त्यांनी ते नीट पाहून घेतले आणि म्हणाले, "एका माणसाला एक पुरतो, बाई. मी काय फौज घेऊन फिरून राहिलो?"

कुवेतच्या उन्हाला ते ऊन मानायलाच तयार नसत. जूनमध्ये डांबर मऊ होऊन चपला चिकटायला लागल्या तरी म्हणत, "आमच्या आर्वीत याले वैशाखाची सुरुवात म्हणतात."

त्यांची हजेरी घेण्याची पद्धत वेगळी होती. हजर मुलाच्या नावाला नुसतं हूं म्हणून पुढे जात. गैरहजर मुलाच्या नावापाशी मात्र थांबत, पेन टेकवून दाराकडे पाहत राहत. चांगला मिनिटभर. जणू तो जिन्यात असेल. बरेचदा तो खरंच जिन्यात असे. सहलीला खैरानच्या किनाऱ्यावर गेलो होतो, तेव्हा त्यांनी बसमध्ये चढताना, वाळूत उतरल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर आणि परतताना अशी पाच वेळा हजेरी घेतली. एक मुलगी वैतागून म्हणाली, "सर, नोबडी इज गोइंग टु स्टील अस!" सर म्हणाले, "तुम्हाले पहिलेच एकदा नेलं आहे लोकांनी यादीतून. आता माझी यादी आहे."

आता त्यांच्या शून्याविषयी सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्याचाच आहे.

अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि आपण शून्य काढतो तसं गोल काढलं की तो होतो पाच. कुवेतला आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या महिन्यात यात एकदा तरी फसतो. सर तर पहिल्याच दिवशी फसले. नोकरीच्या मुलाखतीला त्यांना 'दहा नंबरचं घर' सांगितलं होतं. गल्लीत शिरल्यावर त्यांना एका फाटकावर एक आणि पुढे गोल दिसलं, म्हणजे दहा. घर पंधरा नंबरचं होतं. आत दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, चार-पाच कुवेती म्हातारे बसले होते. त्यांनी या पाहुण्याला आदरानं बसवून घेतलं आणि चिमुकल्या कपात कडू कॉफी दिली. कप रिकामा झाला की पोऱ्या पुन्हा भरायचा. पुरे असेल तर कप हातात हलवून परत द्यायचा असतो, हे सरांना कोण सांगणार? नाही म्हटलं तर मुलाखत घेणाऱ्यांचा अपमान होईल म्हणून ते पीत राहिले. अकरा कप झाल्यावर त्यांनी आपली प्रमाणपत्रं काढून मधल्या गालिचावर मांडली. म्हाताऱ्यांनी ती कौतुकानं हातोहात फिरवली. शेवटी त्यांतल्या एकानं हाताला धरून त्यांना खऱ्या दहा नंबरच्या घरी पोचवलं, आणि तो म्हणजे आमच्या शाळेचा कफील निघाला. शाळेचा परवाना त्याच्याच नावावर होता. सर सांगत, "निवड गालिचावरच झाली होती. बाकीचं नुसतं कागदी होतं."

एवढं होऊनही त्यांनी शून्य बदललं नाही. एक ते नऊ अरबी आकडे त्यांनी आठ दिवसांत घोटले. शून्यापाशी अडले.

"शून्य आपल्या लोकांनी काढलं, बाई. चांगलं गोल, पोकळ, आरपार दिसन असं. त्याचा माशीनं बसल्यासारखा ठिपका मी करणार नाही."

"अहो सर, पण इथे गोल म्हणजे पाच."

"त्यांना पाच वाटत असन तर तो त्यांचा प्रश्न आहे."

मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "सर, तुमचं हे वाटोळं शून्य एक दिवस शाळेचं वाटोळं करणार आहे." सर खूष होऊन हसले. त्यांना शब्दांवरचे खेळ आवडत.

संध्या आमच्याकडे आली ती दोन शाळांतून निघून. तिची आई नर्स, मिरजेला शिकलेली, इस्पितळात सगळे तिला सिस्टरच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. नवरा वारलेला. सिस्टर ड्यूटीवरून थेट पांढऱ्या गणवेशातच मुलीला घेऊन आल्या आणि सरांना म्हणाल्या, "हिला गणित येत नाही. बाकी सगळं येतं." संध्या शेजारी मान घालून उभी. चौदा वर्षांची पोर, पण दोन शाळांनी नको म्हटल्यावर माणूस कसं उभं राहतं तशी ती उभी होती.

सरांनी तिला एक उदाहरण घातलं आणि मागे जाऊन उभे राहिले. तिनं ते सोडवलं, उत्तर लिहिलं, उत्तराकडे पाहिलं, आणि पटकन पर्समधून रबर काढून ते खोडलं. मग त्या जागी दुसरंच काहीतरी लिहिलं.

"सिस्टर," सर म्हणाले, "हिला गणित येते. पण उत्तर बरोबर आलं की हिले भीती वाटते."

त्या दिवसापासून संध्याचं रबर डब्यात गेलं. पण सवय कुठे जाते? ती बोटाला थुंकी लावून खोडायची, कागदाला भोकं पडायची. सर तिच्या वहीतल्या भोकांभोवती लाल गोल काढत आणि शेजारी लिहीत, 'इथे उत्तर बरोबर होतं.' वर्षभरात तिच्या वहीत असे कितीतरी लाल गोल जमले.

खाजगी शाळांवर देखरेख करणारी एक कचेरी होती. दहावीच्या निकालावरून ती दरवर्षी शाळांना पहिली, दुसरी किंवा तिसरी श्रेणी देई. परीक्षेला बसलेल्या शंभरातले पंचाहत्तर पास झाले तर दुसरी, त्याखाली तिसरी. तिसरी श्रेणी सलग तीन वर्षं आली की परवाना रद्द. आमची दोन वर्षं तिसरी आली होती. येणारच. इतरांनी गाळलेली मुलं आम्ही परीक्षेला बसवत होतो, आणि एकूण एक बसवत होतो.

तिसऱ्या वर्षी दहावीत एकोणीस मुलं होती. जानेवारीत अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी वही-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला आणि सरांच्या खोलीत गेले.

"सर, पाच मुलं नक्की नापास होणार. त्यांचे अर्ज या वर्षी थांबवले तर आपण वाचतो. पुढच्या वर्षी बसतील की! शाळा राहिली तर बसतील. शाळाच गेली तर सगळ्यांचंच काय?"

यात माझं काही चूक होतं असं मला आजही वाटत नाही. शाळेवर आम्हा शिक्षकांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना होता. सर तर फक्त त्यावरच इथे होते. आणि खालच्या वर्गांतली मुलं होती, त्यांना दुसरं दार नव्हतं.

सर उठले, हजेरीपट आणला, लाल पेन आणलं आणि दारातला डबाही आणला. तिन्ही वस्तू माझ्यापुढे ठेवल्या.

"घ्या. नावं तुम्ही खोडा. रबर हवं तर त्यात आहे, पुष्कळ आहे."

मी पट उघडला. संध्याचं नाव सतरावं होतं. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग मी रडले नाही, मला राग आला. "तुम्हाला काय जातंय," असं म्हणून मी पट त्यांच्या टेबलावर आपटला आणि निघून आले. एकोणीस अर्ज गेले.

जूनमध्ये निकाल लागला. चौदा पास, पाच नापास. संध्या गणितात अठ्ठावीस. आमच्या बोर्डाला पस्तीस लागत. एकोणिसात चौदा म्हणजे चौऱ्याहत्तरसुद्धा होत नाहीत. एकच पोर कमी पडलं होतं.

कचेरीचा तक्ता सरांनी स्वतः भरला. तीन चौकोन होते. पटावर किती, परीक्षेला न बसवलेले किती, पास किती. पहिल्यात त्यांनी अरबीत एकोणीस लिहिले, तिसऱ्यात चौदा. मधल्यात शून्य. छान, गोल, पोकळ.

"सर, ठिपका द्या," मी म्हटलं.

"त्या चौकोनाचा मला अभिमान आहे, बाई. तिथे ठिपका नाही देणार."

मला तेव्हा शाळा बुडणार याचंच दुःख होतं. शून्याशी कोण भांडत बसतं?

तीन आठवड्यांनी कफीलाचा ड्रायव्हर बकलाव्याचं मोठं तबक घेऊन आला. मागोमाग पाकीट. जाड कागदावर सोनेरी किनार, खाली शिक्का. पहिली श्रेणी! शंभरात शंभर! शिपायानं घंटा वाजवली. मी सिस्टरना इस्पितळात फोन लावायला निघाले होते, तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा. शंभर कुठून आले?"

त्यांनी फळ्यावर मांडलं. एकोणीस वजा काही, बरोबर चौदा. मी त्या वजाबाकीकडे पाहिलं आणि माझ्या हातातला बकलावा तसाच राहिला. त्यांचं गोल शून्य कचेरीतल्या कारकुनानं पाच वाचलं होतं. पाच मुलं बसवलीच नाहीत, बसली चौदा, पास चौदा. जे मी लाल पेनानं करायला गेले होते, ते त्यांच्या शून्यानं आपोआप केलं होतं.

मला हसू फुटलं. "सर, देवच पावला म्हणायचा! आता गप्प राहा. आपण खोटं लिहिलं नाही, त्यांनी चूक वाचलं. चूक त्यांची."

"माझे पाच पोट्टे कुठं गेले, बाई?"

"कुठे जातील? घरी आहेत."

"या कागदावर ते नाहीत. उन्हात चालत गेले, तीन-तीन तास बसून पेपर लिहिले. नापास झाले, ठीक आहे. पण बसले होते नं? कागद म्हणतो, मी त्यांना बसवलंच नाही."

मी सगळं बोलून घेतलं. म्हटलं, तुमच्या खरेपणापायी शाळेला टाळं लागेल. म्हटलं, उपाशी राहायला तुम्ही आर्वीला जाल, ही मुलं कुठे जातील? म्हटलं, सर, हा खरेपणा नाही, हट्ट आहे. ते सगळं ऐकत होते आणि दुपट्टा गुंडाळत होते.

"चला," म्हणाले. "तुम्हाला अरबी येते."

माझं अरबी शेजारच्या पॅलेस्टिनी बाईकडून उचललेलं, भाजीबाजारापुरतं. तरी गेले. एकट्याला सोडलं असतं तर ते पुन्हा पंधरा नंबरच्या घरी कॉफी पीत बसले असते.

कचेरीतले अधिकारी मिसरी होते, म्हणजे इजिप्तचे, वयस्कर, जाड भिंगांचे. टेबलावर कागदांचे ढीग. प्रत्येकाला 'बुकरा, बुकरा', उद्या या, उद्या या, असं सांगून ते वाटेला लावत होते. आमचं पाकीट पाहून मात्र हसले. "मबरूक, उस्ताद! अभिनंदन! आणखी काय हवंय?"

"यात चूक आहे," सर इंग्रजीत म्हणाले. "कमी करून द्या."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अरबीत सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

"कमी? बावीस वर्षं मी या खुर्चीवर आहे. लोक वाढवून मागायला येतात."

सर खिशातून हजेरीपटाची घडी काढू लागले. आधी कांदा निघाला, तो त्यांनी टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी कांद्याकडे पाहिलं. मी अरबीत म्हटलं, "औषध आहे." मग सरांनी पट उघडला. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्यांनी दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. कुठल्या शाळेनं काढलं, आणि आमच्याकडे आला त्या दिवशी त्याला किती गुण होते. मी वाचत गेले, अधिकारी ऐकत गेले. तिसऱ्या-चौथ्या नावानंतर त्यांनी ड्रॉवरमधून आपली यादी काढली आणि शाळांची नावं पडताळायला लागले.

"ही शाळा माझ्याकडे शंभर टक्के आहे," ते म्हणाले. पुढे, "हीसुद्धा." पुढे, "हीसुद्धा." एकोणीस नावं संपली तेव्हा ते बराच वेळ भिंगं पुसत बसले.

"आणि तुम्ही किती गाळली?"

सरांनी बरोबर आणलेल्या तक्त्याच्या नकलेतल्या गोलावर बोट ठेवलं. "सिफर," म्हणाले. शून्याला अरबीत सिफर म्हणतात. एवढा शब्द मात्र त्यांनी शिकून ठेवला होता.

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. मला वाटलं आता प्रमाणपत्र फाडतील. त्यांनी शंभरच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली, खाली खरा आकडा लिहिला, पहिलीवर रेघ मारून तिसरी लिहिलं आणि शेजारी सही केली. मग दुसरा कागद घेऊन बरंच काही लिहिलं. मी ते सरांना वाचून दाखवलं. परवाना रद्द करण्याआधी शाळेला एक वर्ष मुदत. नापास पाच जणांना पुन्हा बसवावं आणि निकालात मोजावं. पुढच्या वर्षी दुसरी श्रेणी आली नाही तर शाळा बंद.

शाळा वाचली नव्हती, नुसता श्वास मिळाला होता. पण सरांचं लक्ष त्यात कुठे होतं? बाहेर येताच त्यांनी ते प्रमाणपत्र उन्हात धरलं.

"पाहा, बाई. रबर नाही लावलं त्यानं. एक रेघ. शिकलेला माणूस आहे."

ते रेघा मारलेलं प्रमाणपत्र त्यांनी चौकट करून दारात डब्याच्या वर लावलं. कफील ते पाहून दोन महिने शाळेकडे फिरकला नाही.

पुढचं वर्ष आम्ही कसं काढलं ते आम्हालाच ठाऊक. दहावीला वीस जण होते, पाच जुने, पंधरा नवे. दुसऱ्या श्रेणीला पंधरा पास हवे होते. शुक्रवारच्या सुट्टीतही वर्ग चालत. मी माझं विज्ञान सोडून गणिताच्या वह्या तपासायला बसले. अर्ज भरायच्या वेळी सरांनी मुद्दाम डबा माझ्यापुढे सरकवला. मी तो परत सरकवला.

निकालाच्या दिवशी सर सकाळीच पाकीट आणायला गेले होते. मुलं, आईबाप, आम्ही शिक्षक, सगळे वरच्या वर्गात दाटीवाटीनं बसलो होतो. सिस्टर गणवेशातच होत्या, संध्या त्यांच्या शेजारी. दुपट्टा न सोडताच सर आत आले, खडू घेतला आणि एकेक नाव लिहायला लागले. पुढे पास किंवा नापास. आकडे आपल्या मराठी वळणाचे. मी बोटांवर मोजत होते. एकोणीस नावं झाली, चौदा पास.

विसावं नाव संध्याचं. बाकीचे विषय त्यांनी भराभर लिहिले, सगळे चांगले. मग गणितापुढे तीन काढला, आपला मराठी तीन, आणि त्यापुढे गोल.

तीस.

सिस्टरनी मुलीचा हात धरला. माझ्या डोळ्यांपुढून सगळं गेलं, कचेरी, मुदत, दारातली चौकट. सरांचं शून्य मी इतकी वर्षं पाहत होते, ते बदलणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पदर तोंडाला लावला. खरं सांगते, त्या क्षणी शाळेपेक्षा त्या पोरीचंच मला वाईट वाटलं.

सर खडू हातात धरून संध्याकडे पाहत उभे होते. हजेरीला थांबायचे तसे.

"नीट पाहा," म्हणाले. "घाई नाही."

संध्या उठली. फळ्यापाशी गेली. गोलाकडे तिनं मान वाकडी करून पाहिलं.

"सर, हा तुमचा झिरो नाही," ती हळूच म्हणाली. "तुमचा एकदम राउंड असतो. माझ्या वहीत किती काढलेत तुम्ही. हा वर पिंच केलाय. हा... हा अरबी फाइव्ह आहे. सर, थर्टी-फाइव्ह?"

"तीन आपला आहे," सर म्हणाले, "आणि पाच इथला. काहून बाप्पा एवढा वेळ? पण या एवढ्या लोकांत उत्तर तुझंच पहिलं आलं."

मग जो गलका झाला त्यात मला काही ऐकू येईना. पंधरा झाले होते. कुणीतरी खाली जाऊन घंटा वाजवत सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा सरांनी गोलाला पाच म्हटलं होतं, आणि तेही कचेरीसाठी नाही. पण सिस्टर अजून फळ्याकडेच पाहत होत्या, त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांना अजून तीसच दिसत होते. मी पुढे झाले. त्यांना कळावं म्हणून तो गोल पुसून तिथे आपला चांगला मराठी पाच लिहावा, म्हणून मी डस्टर उचललं.

संध्यानं माझा हात धरला.

"बाई, खोडू नका," ती म्हणाली. "बरोबर आहे ते."